नव्या रंगाखालची ओल

प्रश्न : डिचोली तालुक्यातील एका गावात जुने कौलारू घर विकत घेण्याचा आमचा विचार आहे. चिऱ्यांच्या जाड भिंती, मधोमध राजांगण, पुढे ऐसपैस ओसरी आणि मागे विहीर असे हे घर फेब्रुवारीत पाहताक्षणी पसंत पडले. मालकांनी नुकताच रंगही दिला आहे. यंदाची चवथ (गणेश चतुर्थी) नव्या घरात व्हावी, अशी घरच्यांची इच्छा आहे. इसार देण्यापूर्वी काय तपासावे? – एक वाचक, डिचोली

उत्तर : आपण घर फेब्रुवारीत पाहिले आणि त्याला नुकताच रंग दिलेला होता, या दोन गोष्टी आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाच्या आहेत. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे फेब्रुवारीत कोणतेही घर कोरडेच दिसणार. शक्य असेल तर सलग दोन-तीन दिवस पावसाची झड लागल्यावर पुन्हा एकदा जाऊन यावे. चवथ पुढच्या वर्षीही येणार आहे. मालक तेवढे थांबायला तयार नसतील, तर मागच्या पावसाळ्याच्या खुणा शोधाव्या लागतील, आणि नेमक्या त्याच खुणा नव्या रंगाखाली झाकल्या जातात.

पाहणीची सुरुवात भिंतीच्या तळापासून करावी. चिरा म्हणजे जांभा, हा सच्छिद्र दगड आहे. जुन्या घरांत तो बहुधा मातीत बसवलेला असतो आणि जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो, म्हणून जमिनीतील पाणी भिंतीत दोन-तीन फुटांपर्यंत चढते. पूर्वीचा चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर पडू देत असे. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षारांमुळे गिलावा फुगून झडू लागतो. रंग नवा असला तरी जड कपाटांच्या मागची, जिन्याखालची आणि देवघराच्या कोपऱ्यातील भिंत सहसा रंगवायची राहून जाते, तेव्हा कपाट सरकवून पाहण्याचा आग्रह धरावा. बोटाच्या पेराने गिलावा ठोकत जावे. जेथे पोकळ आवाज येईल, तेथे तो भिंतीपासून सुटलेला आहे असे समजावे. ज्या खोलीत केवळ खालच्या तीन फुटांना टाइल्स किंवा लाकडी फळ्या लावलेल्या आहेत, त्या खोलीकडे मी नेहमी अधिक संशयाने पाहतो.

यानंतर छप्पर पाहावे. फुटलेले कौल ही किरकोळ बाब आहे, कारण ते बदलता येते. खरा खर्च लाकडाचा असतो. रस्त्यावर उभे राहून आढ्याची रेघ पाहावी. ती मधेच खचलेली असेल, तर आतील एखादा मोठा वासा किंवा तुळई दबली आहे. वासे सर्वांत आधी कुजतात ते भिंतीत रुतलेल्या टोकांपाशी आणि पन्हळीच्या खाली, म्हणून शिडीवर चढून तेथेच स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. चांगल्या लाकडात तो शिरत नाही. खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर किडा लाकूड पोखरत आहे, आणि भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर ती वाळवी आहे. सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजणाऱ्या आपल्या प्रदेशात अंगणातील वारुळाला सहसा कोणी हात लावत नाही, मात्र त्याच्या जवळची चौकट आणि दाराचा उंबरठा अवश्य तपासावा. कौलांखाली पीव्हीसीचे किंवा जिप्समचे छत बसवलेले असल्यास एखादा तुकडा उतरवून आत टॉर्च मारावा. मालकांनी त्याला नकार दिल्यास किंमत ठरवताना तो नकार लक्षात ठेवावा.

घराबाहेरच्या जमिनीचा उतार कोणीकडे आहे, हेही पाहावे. प्रत्येक वेळी डांबर घालताना रस्ता थोडाथोडा वर चढतो आणि जुन्या घराचे जोते त्याच्या खाली जाते, अशी उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत. मग रस्त्यावरचे पाणी थेट अंगणात उतरते. विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, हे मालकांना नव्हे तर शेजाऱ्यांना विचारावे. सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर प्रयोगशाळेतून पाण्याची जिवाणूंसाठी तपासणी करून घेतल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. जुन्या घरांत अर्थिंग बहुधा नावापुरतेच असते. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला सोबत न्यावे, आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचे चाचणीचे बटण दाबून वीज तुटते का ते पाहावे.

कागदपत्रे हा वकिलाचा विषय आहे. मात्र पाहणीशी निगडित एक गोष्ट सांगतो. मागे वाढवलेली खोली आणि न्हाणीघर मंजूर नकाशात आहेत का, हे नकाशा हातात घेऊन पडताळावे, कारण पंचायतीची घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. आवारात दुसरे एखादे छोटे घर असेल, तर तेथे राहणारे मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे रहिवासी, आहेत का याची चौकशी करावी. १९७५ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे. तसेच विक्रीच्या दस्तावर मालकाबरोबर त्याच्या पत्नीची अथवा पतीची संमती लागते, हे गोव्याबाहेरून येणाऱ्या खरेदीदारांना अनेकदा ठाऊक नसते.

प्रश्न : करंजाळे येथे समुद्राजवळच्या एका जुन्या इमारतीतील फ्लॅट पाहिला आहे. स्वयंपाकघराच्या स्लॅबला दोन सरळ, समांतर भेगा आहेत. दलालाच्या मते ते ‘नुसते प्लास्टर’ आहे. – एक वाचक, पणजी

उत्तर : प्लास्टरच्या भेगा जाळ्यासारख्या, वेड्यावाकड्या पसरतात. सरळ आणि समान अंतरावरच्या भेगा बहुधा आतील सळ्यांच्या रेषेवर असतात. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने तो काँक्रीटला आतून फोडतो. म्हणूनच काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे आवरण असावे लागते, तर सौम्य हवामानात २० मिलिमीटर पुरेसे मानले जाते. जुन्या इमारतींत एवढे आवरण क्वचितच आढळते.

भेगांच्या कडेला तपकिरी डाग आहेत का, हे पाहावे आणि काठीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. त्यानंतर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा आणि तळमजल्याच्या पार्किंगमधील खांब व तुळया स्वतः पाहाव्यात, कारण त्यांना कोणी सुंदर रंग देत नाही. शंका राहिल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळईची हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी (सळई गंजत असण्याची शक्यता किती, हे सांगणारी विद्युत चाचणी) आणि काँक्रीटमधील क्लोराइडची तपासणी करून घ्यावी. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले असता ते गुलाबी झाले तर काँक्रीटची अल्कता टिकून आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो; क्लोराइड त्यातून कळत नाही. गंजलेल्या सळईवर नुसता सिमेंटचा लेप देणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, गंज घासून, संरक्षक थर देऊन मगच दुरुस्ती करावी लागते, आणि हा रोग एका फ्लॅटपुरता नसल्याने खर्चाचा वाटा प्रत्येक सभासदाकडे येतो. असा खर्च सोसायटीसमोर उभा असेल, तर तो कोण भरणार हे व्यवहारापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.

प्रश्न : मडगावातील नव्या फ्लॅटचा ताबा घेऊन दोन वर्षे झाली. वरच्या मजल्यावरील बाथरूममधून आमच्या छताला पाणी झिरपते. बिल्डर म्हणतो की आता त्याची जबाबदारी संपली. – एक वाचक, मडगाव

उत्तर : प्रकल्प रेरा (स्थावर मालमत्ता नियमन व विकास) कायद्याखाली येत असेल, तर जबाबदारी संपलेली नाही. त्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील अथवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. तक्रार तोंडी करू नये. छायाचित्रांसह लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. त्याआधी वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या संमतीने बाथरूमची जाळी बंद करून चोवीस तास पाणी तुंबवून ठेवावे आणि आपल्या छतावरील डाग वाढतो का, हे पाहावे. तो वाढला तर जलरोधक थर निकामी आहे. न वाढता नळ सुरू असतानाच ओल दिसली, तर दोष पाईपच्या जोडात आहे.