खोलीसाठी कर्ज काढण्याआधी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या आईचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरतंय आणि त्यानंतर त्या तुमच्याकडेच राहणार आहेत. सुट्टी लागली की नणंद मुलांना घेऊन मुक्कामाला येते, तिला नाही म्हणवत नाही. म्हणून घरावर एक खोली चढवायची. निम्मे पैसे निवृत्तीच्या शिलकीतून आणि निम्मे पर्सनल लोन काढून, असा तुम्हा दोघांचा विचार आहे.

माझं म्हणाल तर हे कर्ज काढू नका.

12 टक्के दराने 5 वर्षांसाठी 100 उचलले, तर हप्त्यांतून साधारण 133 फेडावे लागतात. निवृत्तीच्या पैशाला बसणारी खोट त्याहून मोठी, फक्त ती आज दिसत नाही. वर्षाला 8 टक्के परतावा धरला तर आज काढलेल्या 100 चे 15 वर्षांनी 317 झाले असते. आणि हे सगळं वर्षातल्या मोजक्या मुक्कामांसाठी. वरच्या मजल्यावरची खोली आईंच्या तर काहीच कामाची नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. हॉलभर पाहुण्यांच्या गाद्या पसरलेल्या असतात आणि आई रात्री त्यांतून वाट काढत बाथरूमला जातात. ऑपरेशननंतर त्यांच्या हातात वॉकर असेल. गादीच्या कडेला त्याचा एक पाय अडकला की तोल गेलाच. अशा पडण्याने पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागलं, तर तो खर्च तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

पैसा इथे लावा: कमोडवर बसवायची उंच सीट, भिंतीत पक्के रोवलेले धरायचे दांडे, हात असलेली भक्कम खुर्ची, रात्रभर जळणारा छोटा दिवा. खोलीच्या मानाने हे किरकोळ आहे. मोठा खर्च माणसांचा. बहुतेक पेशंट ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने उभे राहतात, पण रोजची कामं जमायला 6 ते 12 आठवडे जातात आणि पूर्ण बरं वाटायला वर्षही लागू शकतं. या काळात फिजिओथेरपीत काटकसर नको, गुडघा आखडून बसतो. घरी येणारा फिजिओ आणि दिवसभराची केअरटेकर यांचा खर्च बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्या.

आता नणंदेचं. हे तुम्ही बोलू नका, तिच्या भावाने बोलावं. सून आपल्या आईसाठी आम्हाला टाळते, असा अर्थ निघायला वेळ लागत नाही. त्यांनी फोनवर सरळ सांगावं: "हिच्या आईंचं ऑपरेशन आहे, पुढचे 3 महिने मुक्काम नाही जमणार. दिवसा या, जेवून जा, मुलांना आणा." एखाद्या वेळी राहणं टळण्यासारखं नसेल तर जवळ त्यांची सोय करून बिल तुम्ही भरा. 60 हप्त्यांपुढे ते काहीच नाही, आणि नातंही दुखावणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. भाऊ आहे असं ओझरतं लिहिलंत, खर्चात त्याचा वाटा किती ते लिहिलं नाही. ऑपरेशनची तारीख पक्की होण्याआधी त्याच्यासमोर आकडे ठेवा. पैसे देणं जमत नसेल तर रजा काढून पहिले 2 आठवडे रात्री आईंजवळ थांबावं. रात्रीची केअरटेकर लावायची की नाही, ते त्याच्या उत्तरानंतर ठरवू.