एनिग्मा या संगीत-प्रकल्पाचं 'रिटर्न टू इनोसन्स' हे गाणं ऐकताना शब्द कळत नसूनही गलबलून का येतं?

इंग्रजी शब्द कळत असणारच तुम्हाला, पण ते लक्षात कुणाच्या राहतात? रडू आलं तर रड, आहेस तसा राहा, असला भेटकार्डावर शोभणारा मजकूर आहे तो. गलबलवतो तो त्यात परक्या भाषेत गाणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज.

भावाच्या कॅसेटवर मी हे गाणं पहिल्यांदा लावलं तेव्हा आजी शेजारी गहू निवडत होती. म्हणाली, "कोण रे हा?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." "लांब कुणाला तरी हाक मारतोय," म्हणाली आणि परत सुपात डोकं घातलं. मी मात्र पुढची कित्येक वर्षं तो रेड इंडियन आवाज समजत होतो.

गाणारे होते तैवानच्या आमिस जमातीतले दिफांग आणि सोबत त्यांच्या पत्नी इगाय. शेतकरी माणसं. आणि हे भजन-प्रार्थना वगैरे काही नाही बरं का. वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून पिताना म्हणायचं गाणं आहे! दोघं १९८८ साली तिथल्या इतर आदिवासी गायकांबरोबर युरोपात गाऊन आले. पुढे फ्रान्समध्ये निघालेल्या एका सीडीवर हे गाणं होतं, त्यातला तुकडा एनिग्माचा कर्ता मायकेल क्रेटूनं १९९३ च्या 'द क्रॉस ऑफ चेंजेस' या अल्बमसाठी घेतला. दिफांगना पत्ताच नाही. गाणं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजलं. १९९८ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यांचं श्रेय मान्य झालं. हे कळल्यावर काही दिवस मला ते गाणं लावावंसंच वाटेना.

पण क्रेटूची कारागिरी नाकारता येत नाही. खालचा ठेका ऐका. तो लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचा, १९७१ च्या रेकॉर्डवरचा. एका जुन्या घराच्या प्रवेशदालनात ड्रम ठेवून माइक वर जिन्यात टांगले होते, म्हणून प्रत्येक ठोका रिकाम्या वाड्यात पडल्यासारखा घुमतो. आवाज मात्र त्या ठोक्याला बांधलेला नाही. श्वास पुरेल तसा लांबतो, खाली येतो. भजनात बुवा सूर ओढत नेतात आणि पखवाज जागचा हलत नाही, तसंच काहीसं. माझ्या मते तुमचं गलबलणं आहे ते इथे.

व्हिडिओ सुरू होतो म्हाताऱ्याच्या मरणापासून आणि उलटा चालत बाळापर्यंत जातो. छान आहे, पण पहिल्यांदा नको. डोळे मिटून ऐका. मग दिफांग-इगाय यांचं मूळ गाणं शोधा. त्यात ठेका नाही, कीबोर्ड नाही. एक आवाज निघतो, दुसरा त्याच्या मागे न जाता स्वतःच्या वाटेनं जातो आणि मध्येच कुठेतरी दोघं भेटतात. मी हल्ली तेच जास्त लावतो.