तो 'कारण' काढून टाक

प्रिय पोरी,

तुझे दोन्ही खर्डे वाचले. सोळाव्या शतकातल्या इंग्रज कवी टॉमस वायटच्या एकाच कवितेचे दोन मराठी अनुवाद. पहिल्या खर्ड्यात लय ठेचकाळते, दुसऱ्यात पादाकुलक वृत्तावर घरंगळत जाते. कोणता ठेवू, विचारतेस. पहिला. खडबड घालवू नकोस.

वायट 1542 साली गेला. 1557 मध्ये रिचर्ड टॉटल या प्रकाशकाने त्याच्या कविता छापल्या, पण आधी त्यांच्यावर रंधा फिरला. हस्तलिखितातली ओळ अशी: 'इट वॉज नो ड्रीम: आय ले ब्रॉड वेकिंग.' स्वप्न नव्हतं ते. टक्क जागा होतो मी. मध्ये श्वास अडकतो. जिने एकदा आपणहून मिठीत घेतलं तीच आता दुरावली आहे, आणि तो स्वतःलाच बजावतो आहे की ते खरंच घडलं होतं. छापताना तिथे 'फॉर', म्हणजे 'कारण', घुसवला, 'वेकिंग'चं 'अवेकिंग' केलं. ओळ चालीत बसली. स्वप्न नव्हतं, कारण मी जागा होतो! इतकं लागलेला माणूस कारणं देत बसतो का गं?

तुझ्या दुसऱ्या खर्ड्यात नेमका तोच 'कारण' आहे. वाचून राग आला मला.

वायटला वृत्त सांभाळता येत नव्हतं, असं तुला कुणी सांगितलंय. इटालियन कवी पेत्रार्कचं सुनीत, ती चौदा ओळींची कविता, इंग्रजीत आणणाऱ्याला अक्षरं मोजता येत नव्हती? ब्रिटिश लायब्ररीतल्या त्याच्या वहीत त्याच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. तो पुन्हा पुन्हा वाचणारा कवी होता. खडबड घालवू नकोस.

तुझ्या वयात मी पेत्रार्कची सहा सुनीतं मराठीत केली होती. एका मासिकाच्या संपादकांनी ती शार्दूलविक्रीडित वृत्तात घोटून छापली आणि मी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं. माझा मूळ कागद तेव्हाच फाडला. आजही कुणी त्या ओळी कौतुकाने म्हणून दाखवतं, आणि त्यातला एकही अडखळ माझा नसतो. तेव्हापासून मी स्वल्पविरामही कुणाला हलवू देत नाही. दोन पुस्तकं त्यापायी राहिली. लोक हेकट म्हणतात. म्हणोत. त्या सहा सुनीतांच्या वेळी मी हेकट असायला हवं होतं, एवढंच मला कळतं.

पहिला खर्डा फाडू नकोस. त्यातही तिसऱ्या ओळीत 'म्हणून' आलाय, तो खोडून मला परत पाठव.