पंधरावा शेक

"रक्त जायचं थांबलंय मॅडम. उरलेले शेक गावाला जाऊन आल्यावर घेतले तर चालतील ना?"

शेक म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार, रेडिएशन. ते घेणाऱ्या रुग्णांचे उपचार अर्धवट सुटू नयेत हे बघणं माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. उत्तर सरळ आहे: नाही चालणार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून साधारण २५ शेक असतात, आठवड्याला पाच. सोबत आठवड्यातून एकदा केमोचं सलाईन आणि शेवटी आतून द्यायचे शेक. हे सगळं आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत बसवायचं असतं. रक्त थांबतं ते गाठ आटायला लागल्यामुळे, ती अजून गेलेली नसते. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला फावतं.

एवढं सांगून बाई परत येते असं मात्र नाही. ते कळायला मला शेवंतामावशी भेटाव्या लागल्या. (नाव बदललं आहे.)

मावशी मूळच्या सांगलीकडच्या, राहायला मानखुर्दला. चार घरची धुणीभांडी. १४ शेक एकही खाडा न करता झाले आणि पंधराव्याला, शुक्रवारी, त्या आल्याच नाहीत. सोमवारीही नाही. फोन त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने उचलला. "गावाला जत्रा हाय, अन् आता तिला बरंच वाटतंय."

मी मनाशी ठरवून टाकलं, पैशाची अडचण. घरचं केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले योजनेत शेकाचा खर्च बसलेला होता. तरी बुडालेल्या पगाराचं काय, म्हणून धावपळ करून दोन महिन्यांचं रेशन मिळवून दिलं. स्वतःवर खूशही झाले. मंगळवारी मावशी नाहीतच.

बुधवारी मी घरी गेले. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर मालकांनी पेन्सिलने केलेल्या १४ खुणा, पुढे कोरं. मावशींनी कोरा चहा ठेवला. "का येत नाही?" असं विचारलं की जत्राच ऐकायला मिळणार होती. म्हणून विचारलं, "गुरुवारी शेक घेऊन घरी कशा आलात?"

त्या गप्प. मग मालकांना दूध आणायला पिटाळलं.

ओटीपोटाला शेक देताना पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. शिवाय तिसऱ्या आठवड्यात त्यांना जुलाब सुरू झाले होते, बऱ्याच जणींना होतात. परळहून निघाल्या, कुर्ल्याला हार्बरची गाडी पकडायला पुलावर चढल्या, संध्याकाळची गर्दी. तिथेच लुगडं खराब झालं. आजूबाजूच्या बायकांनी नाकाला पदर लावले. अंधार पडेपर्यंत त्या कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मरण आलं तरी चालंल, पर त्या पुलावर न्हाई जायाची."

नवऱ्याला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "बरी हाय."

बोलता बोलता त्यांनी पोटावरचा पदर जरा सरकवला. शेकाची जागा दाखवणाऱ्या जांभळ्या शाईच्या रेघा ठळक होत्या. चार दिवस शेकाला आल्या नव्हत्या, पण अंघोळ करताना रेघा जपत होत्या. बाईला यायचं होतं हो!

पुढचं काम सोपं निघालं. डॉक्टरांनी जुलाबाचं औषध दिलं, आहारतज्ज्ञांनी काही दिवस मऊ भात आणि ताक सांगितलं. शेकाची वेळ दुपारऐवजी सकाळची करून घेतली. लोकलमध्ये कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. गुरुवारी मी सोबत गेले. बुडालेले दिवस भरून काढायला डॉक्टरांनी एका शनिवारी शेक दिला आणि एकदा सहा तासांच्या अंतराने दोनदा. ५४व्या दिवशी सगळं आटोपलं.

रुग्णाच्या वाटेतले अडथळे शोधून ते दूर करायच्या या माझ्या कामाला पेशंट नॅव्हिगेशन म्हणतात. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांसाठी ते सुरू केलं. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या अशाच उपक्रमाचं नाव 'केवट' आहे, रामाला गंगापार नेणारा नावाडी. मावशींची गंगा कुर्ल्याच्या पुलावर होती आणि मी रेशनच्या पिशव्या घेऊन भलत्याच घाटावर उभी होते.

तेव्हापासून शेक बुडाला की मी शेवटच्या दिवसाचा प्रवास विचारते, दारापासून दारापर्यंत. कुणाकडे धाकटं पोर सांभाळायला कोणी नसतं, कुणाला सासू रोज नवस ऐकवते, कुणाचा केसपेपर हरवलेला असतो आणि ओरडा बसेल म्हणून ती येत नाही.

तीन महिन्यांनी मावशी तपासणीला आल्या. बाकड्यावर शेजारी एक नवी बाई पाण्याची बाटली घेऊन अवघडून बसली होती. मावशी तिला सांगत होत्या, "पिशवीत जास्तीचा परकर ठेव. अन् ह्या मॅडम घरी आल्या तर च्या पाजू नको, सगळं काढून घेतल्याबिगर उठत न्हाईत."