परीक्षा, इंटरव्ह्यू आला की आयबीएसवाल्यांचं पोट का बिघडतं?

आयबीएस म्हणजे पोट वारंवार दुखतं, जुलाब किंवा कॉन्स्टिपेशन होतं, पण तपासणीत काही सापडत नाही असा आतड्याचा त्रास. रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात "मनाचे खेळ आहेत", पण तसं नाहीये, त्रास खराच असतो. आतड्याला स्वतःचं नसांचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. टेन्शन आलं की मेंदूतून सीआरएच नावाचं हार्मोन सुटतं, त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो पण मोठं आतडं मात्र जोरात आकुंचन पावायला लागतं, म्हणून एकीकडे जेवण वर आल्यासारखं वाटतं आणि दुसरीकडे निघायच्या आधी तीनदा टॉयलेट 😅 (काहींना उलट कॉन्स्टिपेशन होतं.) त्यात आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील झालेल्या असतात, म्हणजे जेवढा गॅस दुसऱ्याला कळणारही नाही तेवढ्याने यांना कळ येते. मग पुन्हा पोट बिघडेल याचंच टेन्शन, ते चक्र वेगळंच.

नुसतं इसबगोल आणि पथ्य करून भागत नसेल तर सीबीटी थेरपीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) चांगला उपयोग होतो, आणि डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये दिली तर "मला डिप्रेशनची गोळी का" म्हणून घाबरू नका, ती दुखणं कमी करायला देतात. शौचातून रक्त, वजन कमी होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं यातलं काही असेल तर मात्र टेन्शनवर ढकलू नका, लगेच दाखवा.