रोज पिणाऱ्याने दारू एका झटक्यात बंद केली तर चालतं का?

कधीमधी पिणारा असेल तर काही होत नाही, पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नका, खरंच जिवावर बेतू शकतं. कसंय, दारू मेंदूला सतत ब्रेक लावत असते, मग मेंदू पण सवयीने ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो, आणि ब्रेक अचानक काढला की गाडी सुसाट. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण २ ते ४ दिवसांत काहींना भलतंच दिसायला ऐकायला लागतं, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो. घरचे म्हणतात बाधा झाली! त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, सरळ ॲडमिट करायची केस.

डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, सोबत व्हिटॅमिन बी१, कारण पिणाऱ्यांत ते कमी असतं आणि त्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि हो, गुपचूप औषध जेवणात मिसळायचे प्रकार अजिबात नको, डायसल्फिराम या दारू सोडवायच्या औषधावर दारू पोटात गेली तर बीपी कोसळतं.