स्नेअर वाईट म्हणजे ड्रमर वाईट नव्हे

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुण्यातल्या एका नव्या बँडच्या चार गाण्यांच्या ईपीवर (छोट्या अल्बमवर) तुम्ही लिहिलंत की ड्रमर कच्चा आहे, स्नेअर (खाली तारा ताणलेला, कडक आवाजाचा ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि तिसरं गाणं उगाच लांबवलंय. त्यावर ड्रमरनेच खुलासा केला की त्याने वाजवलेला स्नेअर मिक्सच्या वेळी, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, काढून तिथे दुसराच आवाज बसवलाय. मग चाहते तुटून पडले, आणि आता तुम्ही विचारताय की पोस्ट काढून टाकू का, आणि यापुढे जे आवडलं त्याबद्दलच लिहू का.

पोस्ट काढू नका. आणि फक्त गोडगोड लिहायचं तर मुळीच ठरवू नका. आपल्याकडच्या बँडना "जाळ काढला भावांनी" म्हणणारे शेकड्याने भेटतात, कुठे अडतंय ते सांगणारा मिळत नाही. दोष भलत्याच्या माथी मारायची तुमची चूक मीही केली आहे, म्हणून लांब लिहितोय. ओळखीच्या बँडवर लिहिताना ओळख आधी सांगावी, माणसावर घसरू नये, हे तुम्हाला कळतंच. त्यात वेळ घालवत नाही. मी ध्वनी-अभियंता नाही, पण खालचं बहुतेक सगळं घरी पडताळून बघता येतं.

रॉकचं एक गाणं तुमच्या कानापर्यंत येतं तेव्हा त्यात निदान पाच ठिकाणचे निर्णय मिसळलेले असतात: रचना, वादन, रेकॉर्डिंग, मिक्स आणि मास्टर (तयार मिक्सवर प्रकाशनाआधी फिरवलेला शेवटचा हात). सहावी गोष्ट म्हणजे तुमच्याकडची फाईल आणि हेडफोन. ऐकताना खुपतं ते खरंच खुपतं, त्याबद्दल कुणी वाद घालू शकत नाही. पण ते कोणाच्या खात्यात मांडायचं हे ठरवताना घाई झाली की खरं मतही खोटं ठरतं, आणि मग त्या एका वाक्यामुळे तुमचं बाकीचं बरोबर लिहिलेलंही कुणी ऐकून घेत नाही.

मोठमोठ्या बँडच्या बाबतीतही हेच झालंय. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम २००८ साली आला तेव्हा आवाज इतका दाबलेला आणि फाटलेला होता की लोकांनी मास्टरिंगवाल्याला धारेवर धरलं. तो टेड जेन्सन. त्याने एका श्रोत्याला कळवलं की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच दाबून सपाट केलेले होते. त्याच सुमारास तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळात आली, आणि त्यातला आवाज सीडीपेक्षा मोकळा निघाला. म्हणजे वादन ठीक होतं, रेकॉर्डिंगही ठीक होतं; बिघाड त्यापुढच्या टप्प्यावर झाला, आणि शिव्या शेवटच्या माणसाने खाल्ल्या. याच बँडच्या १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेडची बेस (खालच्या सुरांची गिटार) जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे "बेसवाला कमकुवत" असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक आहे, कारण बेस मिक्समध्ये खाली घेतली गेली, आणि ती बँडच्याच सांगण्यावरून घेतल्याचं मिक्स करणाऱ्यांपैकी एकाने पुढे मुलाखतीत सांगितलं. उलट २००३ च्या ‘सेंट अँगर’चा तो टणटण वाजणारा स्नेअर मात्र ड्रमरच्या बाजूचाच निर्णय: ड्रमखालच्या तारा सैल सोडून वाजवलाय. तिथे ड्रमरला जाब विचारायला हरकत नाही. पण तोही आवाजाच्या निवडीबद्दल. हात कच्चा असल्याबद्दल नव्हे.

आता तुमच्या स्नेअरकडे येतो.

हेवी रॉक आणि मेटलमध्ये स्नेअर नि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांच्या जागी आधीच रेकॉर्ड केलेला ठोका, म्हणजे नमुना, बसवणं ही नेहमीची गोष्ट आहे. कधी पूर्ण बदलतात, कधी मूळ ठोक्यात मिसळतात. ओळखायचं कसं? माणूस एकाच जागी, एकाच जोराने सलग दोनदा मारत नाही. डाव्या-उजव्या हातात फरक पडतो, रिमजवळ, म्हणजे कडेला, पडलेला ठोका अंमळ चढा लागतो. रोल (झपाझप ठोक्यांची लड) सुरू झाला आणि सोळाच्या सोळा ठोके एकाच साच्यातून काढल्यासारखे आले तर तिथे नमुना बसवलेला असण्याची शक्यता दाट. दुसरी खूण घोस्ट नोटची. मुख्य ठोक्यांच्या मधे जे हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके असतात ते अशा बदलात एकतर गायब होतात, कारण ट्रिगरच्या (ठोका ओळखून नमुना वाजवणाऱ्या यंत्रणेच्या) किमान मर्यादेखाली राहतात, किंवा नको तितक्या जोराने वाजतात. मग ठेका लाकडी वाटतो आणि आपण म्हणतो, "ड्रमरला फील नाही."

ड्रमर जोखायचा असेल तर स्नेअर सोडा आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) नि राइड (ठेका धरायची मोठी झांज) ऐका. सिंबलवर, म्हणजे या झांजांवर, नमुने सहसा बसवत नाहीत. ते वर टांगलेल्या (ओव्हरहेड) माइकमधून जवळपास जसेच्या तसे येतात. उघड्या-बंद हाय-हॅटची सफाई, राइडच्या घुमटावरचे आघात, फिल (दोन भागांमधला ड्रमचा तुकडा) संपवून पहिल्या मात्रेवर क्रॅश (जोराने मारायची झांज) नेमका पडतो का, यातून हात कळतो. अर्थात वेळेतले बारीक दोषही संगणकावर ओढून सरळ करता येतात, त्यामुळे "काय तयारीचा ड्रमर" असं म्हणतानाही हीच सावधगिरी हवी. खात्री करायची तर एकाच कॅमेऱ्यातून, न कापता घेतलेलं प्रत्यक्ष कार्यक्रमाचं चित्रण बघा.

मला सर्वांत महाग पडली ती गोष्ट मात्र यापेक्षा साधी होती: मी ऐकलेली फाईल मुळात अंतिम प्रतच नव्हती. एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने प्रकाशनाआधी पाठवलेली, मास्टर न झालेली, १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच आवळलेली, एमपीथ्री. तीनदा विचारलं, ही शेवटची प्रत आहे का? तिन्ही वेळा तेच छापील पत्रक परत आलं. लेख गेला, अल्बम आला, आणि मी "मळकट" म्हटलेले सिंबल सीडीवर स्वच्छ होते. चूक माझीच, कारण उत्तर नसताना मी लिहिलं. पण ज्यांच्या बँडची अब्रू पणाला लागते त्यांनाच प्रत धड पाठवायची काळजी नसावी याचा राग अजून जात नाही. बँड बिचारे दोन-दोन वर्षं पैसे साठवून स्टुडिओ घेतात, आणि शेवटच्या टप्प्यावर एका ईमेलचं सरळ उत्तर मिळत नाही.

म्हणून आगाऊ प्रत आली की चार गोष्टी लेखी विचारा: मास्टर झालीय का, मिक्स कोणाचं, ही फाईल कुठल्या स्वरूपात आहे, आणि कोणत्या तारखेआधी लिहायचं नाही. उत्तर आलं नाही तर रचना आणि शब्द यांवर लिहा. आवाजाच्या गुणवत्तेवर एक ओळही नको. १२८ च्या एमपीथ्रीत बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं असतं आणि सिंबल पाण्यात बुडवल्यासारखे फसफसतात. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) बघितलात की वर सरळ कापलेली कड दिसते.

यूट्यूबवर कुणीतरी चढवलेल्या प्रतींचंही तेच. हक्काची स्वयंचलित तपासणी चुकवायला काही जण गाणं किंचित वेगात चालवतात. अधिकृत लांबी ४:०० असेल आणि तुमच्याकडे ३:५२ भरत असेल, तर "गायकाचा आवाज बारीक वाटतो" हे वाक्य तिथेच खोडा.

जुन्या अल्बमवर लिहिताना आवृत्तीचं साल द्याच. रश या कॅनडाच्या बँडच्या २००२ च्या ‘व्हेपर ट्रेल्स’चं २०१३ मध्ये संपूर्ण नवं मिक्स निघालं. "आवाज कर्कश आहे" हे दोहोंपैकी कशाबद्दल, ते न सांगता लिहिलेल्या मताचा वाचणाऱ्याला उपयोग नाही.

दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर आवाजाची पातळी आधी सारखी करा. एखादा डेसिबल जास्त असलेली प्रत "मोठी" न वाटता "भरीव", "जिवंत" वाटते, आणि आपण फसतो हे आपल्याला कळतसुद्धा नाही. ऑडॅसिटीत दोन्ही फाईल घ्या, लाउडनेस नॉर्मलायझेशन −२३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) लावा, मग ऐका. स्पॉटिफाय स्वतःच गाणी साधारण −१४ वर आणतं, त्यामुळे तिथे दाबून मोठं केलेलं गाणं मोठं वाजत नाही, उलट चपटं वाजतं. "आवाज लहान आहे" अशी तक्रार करण्याआधी हे ध्यानात घ्या.

क्लिपिंगच्या (आवाज मर्यादेला आपटून लाटेचे माथे कापले जाण्याच्या) लाल रेषा बघून निकाल देणारेही खूप आहेत. ऑडॅसिटीची ती लाल रेष फक्त सर्वोच्च मर्यादेला टेकलेले लाटेचे बिंदू दाखवते. आधी फाडून मग थोडा खाली घेतलेला आवाज एकही लाल रेष दाखवणार नाही. त्यासाठी लाट मोठी करून तिचे माथे कापल्यासारखे सपाट आहेत का ते बघावं लागतं. उलट चांगल्या मास्टरची एमपीथ्री उलगडताना शिखरं मर्यादेबाहेर जाऊन खोट्या लाल रेषा उमटू शकतात. चित्र पुरावा म्हणून जोडा, पण निकाल कानाने द्या.

हेडफोनबद्दल थोडकंच. रॉकमध्ये रिदम गिटार बहुतेकदा दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात. एकच इअरबड कानात घालून लोकलमध्ये ऐकलंत तर अर्धी मांडणी गेली. फोनच्या स्पीकरवरून बेसबद्दल काहीच बोलू नका: चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झवर असते आणि तो इवलासा स्पीकर तिच्या जवळपासही पोचत नाही. हळू आवाजात बेस आणि सिंबल दोन्ही मागे पडतात. तो मिक्सचा दोष नाही, आपल्या कानाचा धर्म आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच तो मोजून ठेवलाय. फार मोठ्यानेही नको. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. थकलेल्या कानाला प्रत्येक गिटार टोचते. मी तरी ७५ ते ८० च्या आसपास ऐकावं असंच सांगेन.

ऐकणं तीनदा. पहिल्यांदा हात रिकामे ठेवून, दुसऱ्यांदा मिनिट-सेकंद टिपत, तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या स्पीकरवर. तिन्ही वेळा जे खुपलं तेवढंच लिहायचं. "बोअर झालं" ही भावना झाली, टीका व्हायला तिला जागा दाखवावी लागते: "२:४० ला रिफ परत येते आणि आठ वेळा तशीच फिरते, चौथ्यानंतर ना ड्रम बदलतात, ना बेस." हे वाचून बँड रागावेल, पण २:४० ला जाऊन ऐकेल.

ग्राउलिंग करणाऱ्याला (गुरगुरत्या आवाजात गाणाऱ्याला) "गाता येत नाही" म्हणणं निरर्थक आहे. ओळीच्या शेवटी दम पुरतो का, अक्षरं सुटी पडतात का, पूर्ण अल्बमभर एकच पोत आहे का, हे विचारा. इंग्रजीत गाणाऱ्या आपल्या मुलांच्या उच्चारांवर लोक फार तुटून पडतात. माझं मत असं, की शब्द कळत असतील तर उच्चार त्यांचे त्यांच्यापाशी. उसन्या उच्चारापायी शब्दच कळेनासा झाला तर जरूर लिहा.

प्रतिक्रियेचे व्हिडिओ करायचा विचार असेल तर: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला वाव आहे, पण "दहा सेकंद चालतात" असा आकडा त्यात कुठेही नाही, आणि स्वयंचलित तपासणीला समीक्षा कळत नाही. जिथे बोलायचंय तेवढाच तुकडा लावा, थांबवा, बोला. हा वकिली सल्ला नाही. आणि गाणं चालू असताना वरून बोलत राहू नका. जे ऐकूच दिलं नाही त्यावर मत कसलं?

आता तुमची पोस्ट. मूळ मजकूर खोडरेघ मारून तसाच राहू द्या आणि खाली तारीख घालून लिहा: "स्नेअरचा आवाज मला अजूनही पत्र्यासारखाच वाटतो. पण तो मिक्समध्ये बदललेला आहे, त्यामुळे ड्रमर कच्चा आहे हे माझं विधान चुकीचं होतं. ते मागे घेतो. ऐकलेली प्रत अमुक, हेडफोन अमुक." एवढंच. चाहत्यांना एकेक उत्तर देत बसू नका. ड्रमरला मात्र वेगळा निरोप पाठवा आणि विचारा की मूळ स्नेअरची प्रत ऐकायला मिळेल का. आवाज का बदलला हेही जमलं तर विचारा. बऱ्याचदा खोली लहान असते आणि स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट घुसलेला असतो, म्हणून मिक्सवाल्यापुढे पर्याय उरत नाही.

तिसऱ्या गाण्याबद्दलचं वाक्य मागे घेऊ नका. ते रचनेबद्दल आहे, तिथे मिक्सचा काही संबंध नाही. फक्त "उगाच लांबवलंय" च्या पुढे कुठल्या मिनिटापासून, ते घाला.